आधी पाणी, मग तेल

कोपरखैरणे,
चैत्र वद्य अष्टमी
(तारीख तुझ्या फोनमध्ये बघ)

प्रिय तेजू,

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते की सगळे सुखरूप आहेत. काकांच्या गुडघ्याचं रडगाणं चालू आहे, गॅलरीतली तुळस तू गेल्यावरही वाढते आहे, आणि मी ठीक आहे, म्हणजे आरशासमोर उभी राहत नाही तोवर ठीक आहे. फोन का केला नाहीस, असं विचारशील. फोनवर तू हल्ली "हं मावशी, बरं मावशी, ठेवू का मावशी" एवढंच म्हणतेस, आणि त्यात तुझी चूक नाही. शिवाय मी तोंड उघडलं की त्याचं प्रवचन होतं. समोर माणूस असला की मी त्याला पटवायला लागते, आणि या वेळी मला पटवायचं नाहीये. कागदावर निदान लिहिलेलं खोडता येतं. वरच्या तीन ओळी लिहायला मी दोन कागद फाडले आहेत, यावरून काय ते समज.

तुझी आई तुला कऱ्हाडहून माझ्याकडे पाठवताना म्हणाली होती, "ताई, पोरगी मशिनरीतली आहे, तिला तुझ्या संस्कृतात बुडवू नकोस." धाकट्या बहिणीचं इतकं ऐकलेलं मला आठवत नाही, तुला मी एकही सुभाषित पाठ करायला लावलं नाही. मी शाळेतली संस्कृतची नोकरी सोडून पौरोहित्य करणारी बाई, सोसायट्यांचे सत्यनारायण आणि वास्तुशांती सांगत हिंडणारी. आणि तू फूड टेक्नॉलॉजीची इंजिनियर, रबाळ्याच्या कारखान्यात बिनअंड्याचं मेयोनीज बनवणारी. काका तर नातेवाइकांना सांगायचे, "घरात दोन बायका आहेत. एक पंचामृत करते, दुसरी त्याचंच फॅक्टरीत पाकीट करते." आपण जेवायला बसलो की तुझं मेयोनीज ते भाकरीला लावून खायचे आणि वर ठेचा घ्यायचे. मला ते चित्र फार आवडायचं. तुला कधी सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात तू माझ्या ओट्यापाशी हँड ब्लेंडर घेऊन मला तुझं काम समजावलं होतंस. भांड्यात दूध पावडर कालवलेलं पाणी, वरून तेलाची बारीक धार. मी म्हटलं, घुसळल्याने तर वेगळं होतं; ताक घुसळलं की लोणी बाजूला येतं, समुद्र घुसळला तेव्हाही एकेक रत्न वेगळंच निघालं. तू म्हणालीस, "मावशी, इथे उलटं. जे एकमेकांचं तोंड बघत नाहीत त्यांना एकत्र कोंडायचं. तेलाचे इतके बारीक थेंब करायचे, की त्यांना पुन्हा एकमेकांना गाठायला जमूच नये." बघता बघता भांड्यातलं घट्ट झालं, चमचा उभा राहील इतकं, आणि पांढरंशुभ्र. तेल तर पिवळं होतं, मग एवढा पांढरा रंग आला कुठून, असं मी विचारलं. तो रंग कशात घातलेला नसतो, तो थेंबांच्या बारीकपणाचा असतो, असं तू सांगितलंस. तेलाला संस्कृतात स्नेह म्हणतात, हे मी तिथे सांगणारच होते, पण तू आधीच हात वर केलास. "ते नको मावशी." शहाणी आहेस.

तुमच्या कारखान्यात पूर्वी हे काम मोठ्या टाकीत घाण्याघाण्याने व्हायचं. मग पंढरीशेठनी ते नवं, न थांबता चालणारं यंत्र आणलं. एका नळीतून पाणी, दुसरीतून तेल, दोन्ही एका स्टीलच्या डोक्यात शिरतात, आत खाचांच्या कड्यामध्ये दातेरी चाक असं गरगरतं की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, आणि दुसऱ्या टोकाने मेयोनीजची अखंड धार. निघायला हवी होती, म्हणजे. निघत होतं ते पातळ, तेलकट, खरकट्या पाण्यासारखं काहीतरी. पंढरीशेठ खाडीकाठचे. आजोबा मिठागरावर, वडिलांची भातशेती कारखान्यांखाली गेली, आणि स्वतः तरुणपणी होडीचं इंजिन चालवलेला माणूस. त्यांचा एक नियम होता, "इंजिन कोरडा फिरवाचा नाय. पयला तेल, मंग चालू." त्यामुळे डोक्यात आधी तेल भरायचं. पाण्याने तेलाला पोटात घ्यायचं, तर इथे तेलच पाण्याला गिळून बसायचं, आणि तो पहिला नासका माल साठवणीच्या टाकीत उतरून मागून येणारा चांगला मालही बिघडवायचा. दुकानात पोचेपर्यंत पाकिटात वर तेल, खाली पाणी. तू किती वेळा सांगितलंस, आधी पाणी सोडा, डोकं पाण्याने भरू दे, मग तेल हळूहळू वाढवा आणि पहिली धार टाकीत जाऊ देऊ नका. त्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराची तू मला नक्कल करून दाखवली होतीस. "पयला माल फेकाचा? आन इंजिनाला पानी पाजाचा? पोरी, तू कॉलेजात शिकलीस, मी दर्यात."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आपण गवार निवडत होतो. कारखान्यातल्या यंत्रांची पूजा मलाच सांगितली होती, आणि दसऱ्याला नवं यंत्र पुन्हा चालू करायचं होतं. तू शेंगेची शीर ओढत म्हणालीस, "मावशी, माझं ऐकत नाहीत. तुझं आचमन ऐकतील." आणि मला लगेच सगळं दिसलं. प्रत्येक पूजेत आधी पाणी असतं. पहिला भाग देवाचा असतो, तो कुणी विकत नाही. यंत्रालाही आचमन घालायचं, त्याची पहिली धार देवाच्या नावाने बादलीत काढायची. आपण दोघी इतक्या हसलो की काकांनी टीव्हीचा आवाज वाढवला. एकदा माल नीट निघाला की त्यांना खरं सांगून टाकायचं, असं आपलं ठरलं होतं. हे ठरलं होतं हे मला पक्कं आठवतं, तेजू. विसरले असते तर गेले सहा महिने बरे गेले असते.

दसऱ्याला मी मंत्र म्हणत कलशातलं पाणी यंत्रावर शिंपडलं, आणि तू मागे उभी राहून खरं पाणी सोडलंस. पहिली धार बादलीत गेली. मग तू तेलाचा व्हॉल्व्ह इतका सावकाश उघडत होतीस की तुझं मनगट हलताना दिसत नव्हतं. आणि धार निघाली, श्रीखंडासारखी, तुटेना. पंढरीशेठनी बोट बुडवून चाखलं आणि माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "आमची इंजिनेर एवरे महिने झगरली. बायनं एका मंत्रात केला." तू डोक्यावर जाळीची टोपी घालून, हातात नमुन्याचा काचेचा पेला धरून उभी होतीस. तू माझ्याकडे पाहिलंस. रागाने नाही, वर्गात आपला नंबर आला की मुलं पाहतात तसं. माझी वेळ होती, एक वाक्य पुरलं असतं. मी काय केलं? शाल एका बाजूला घसरत होती, ती नीट केली.

का केलं याचा मी पुष्कळ विचार केला आहे. इतकी वर्षं मी पूजा सांगते. लोक कान माझ्याकडे आणि डोळे मोबाईलकडे लावून बसतात, आणि शेवटी विचारतात, प्रसादाला केळं घातलंय ना. माझ्या तोंडच्या शब्दाने काही घडलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं. खोटं होतं, पण अंगावर ऊबदार वाटत होतं. तुझी ऊब होती ती. मी पांघरली.

दिवाळीनंतर तू करंजाड्याला खोली घेतलीस. "तिथून रबाळे जवळ पडतं मावशी," असं म्हणालीस. नकाशा मलाही वाचता येतो. पनवेलच्याही पलीकडून रबाळे जवळ पडावं असा चमत्कार माझ्या मंत्रानेही व्हायचा नाही. पण मी म्हटलं, हो का, बरं. आपलं भांडण झालं नाही, हेच वाईट झालं. जाताना तू वाकून नमस्कार केलास, आणि तो नमस्कार फार व्यवस्थित होता. घरच्या माणसाला कुणी इतका व्यवस्थित नमस्कार करत नाही. काका दारात उभे होते. तू गेल्यावर मला म्हणाले, "शाल कपाटात ठेवलीस की अजून अंगावरच आहे?" थंडी नव्हती.

इथवर तुला सगळं माहीत आहे. संक्रांतीचं अर्धंच माहीत आहे. तू आईकडे कऱ्हाडला गेली होतीस, आणि मागे पंढरीशेठच्या पुतण्याने, सनीने, यंत्र चालू केलं. दसऱ्याला मोबाईलवर रेकॉर्ड केलेला माझा मंत्र लावला, तीन पळ्या पाणी घातलं, आणि मग नेहमीसारखं भरभरून तेल. सगळा माल फुटला. शेठचा फोन तुला नाही, मला आला. "बाय, मंत्र कमी परला. काय राहिला आमचा?" मला काय ठाऊक काय राहिलं? मी तुला फोन लावला. तू तीळ भाजत होतीस, मागे तुझी आई ओरडत होती, तरी सांगितलंस, "तीन पळ्या नाही गं मावशी. डोकं भरून पाणी पलीकडून बाहेर येईपर्यंत. मग तेल, तेही हळू." आणि फोन ठेवताना जरा थांबून विचारलंस, "कुणी सांगितलं ते सांगशील ना त्यांना?" मी हो म्हटलं.

आता तुला माहीत नसलेलं अर्धं. मी त्यांना तुझं नाव सांगितलं नाही. एवढंच असतं तर मी स्वतःला भित्री म्हणून सोडून दिलं असतं. पण शेठनी विचारलं, "शास्त्रात लिवलंय का असा?" आणि मी, जिला एका अक्षराची भेसळ खपत नाही, जी विद्यार्थ्यांच्या वह्या लाल करून परत द्यायची, त्या मी वरणाला फोडणी देता देता एक श्लोक रचला आणि तो प्राचीन आहे असं सांगितलं.

जलमादौ ततस्तैलं शनैरेव विनिक्षिपेत् ।
प्रथमा या भवेद्धारा सा देवाय न विक्रयेत् ॥

आधी पाणी, मग तेल, तेही हळूच घालावं. पहिली धार देवाची, ती विकू नये. तुझी अख्खी कार्यपद्धती अनुष्टुभात बसली. शेवटचं क्रियापद व्याकरणाला धरून नाही, छंदाला धरून आहे. माझ्या गुरुजींनी खडू फेकून मारला असता. पण रबाळ्याच्या एमआयडीसीत खडू फेकणारं कुणी नव्हतं.

तो श्लोक आता यंत्रामागच्या भिंतीवर फ्लेक्सवर आहे, हे तू रोज पाहतेस. त्यावर माझा फोटो आहे, शालीसकट, आणि खाली "विदुषी सत्यभामाताई यांच्या कृपेने". तो श्लोक कुठल्या ग्रंथातला असं तू मला एकदाही विचारलं नाहीस. तुला पहिल्याच दिवशी कळलं असणार. त्यातला शब्द न् शब्द तुझाच होता. एका चटणीवाल्याने मला बोलावलं, एका रंगाच्या कारखान्यातून विचारणा आली की हा मंत्र ऑइलपेंटला चालेल का. मला हसू यायला हवं होतं. मी दिवस कोणता मोकळा आहे ते पाहत होते.

मग मागच्या पंधरवड्यात तुझ्या आईने सांगितलं, की दुसरं यंत्र येतंय, ते अक्षय्य तृतीयेला चालू होणार, आणि दोन्ही यंत्रं सनीच्या हाताखाली जाणार. "मंत्र भितीवर हाय, आता सनीबी चालवील," असं शेठ म्हणाले म्हणे. तुला पॅकिंगला पाठवणार, आणि तू वापीकडची नोकरी बघते आहेस. तुझ्या आईला वाटतं तू शेठवर रागावली आहेस. मी तिला तसंच वाटू दिलं. बघ, हे मी अजूनही करते आहे.

म्हणून गेल्या गुरुवारी मी कारखान्यात गेले. तुझी सुट्टी बघून गेले; तुझ्यासमोर बोलायचं धैर्य नव्हतं. ऑफिसात शेठ होते, सनी होता आणि शेठच्या बायको, यशोदाबाई, डबा घेऊन आल्या होत्या. मी सरळ सांगितलं, की श्लोक माझा आहे, गेल्या संक्रांतीचा आहे, आणि आधी पाणी हे शास्त्र तेजश्रीचं आहे. दसऱ्यालाही तिनेच केलं, मी नुसती समोर उभी होते. शेठनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. सनीला म्हणाले, "बग, याला म्हनतात विद्वान. भाचीसाठी सोताचा मोठेपना सोरला." आणि ते वाकून माझ्या पाया पडले. मी "अहो नाही, खरंच खोटं आहे ते" असं काहीतरी अडखळत म्हणाले, तर म्हणाले, "खोटा कसा असंल? मशीन चालतंय ना?" सनीने फोटो काढला. तेजू, मी कबुली द्यायला गेले आणि दुसरी शाल घेऊन परत आले.

यशोदाबाई मला गेटपर्यंत सोडायला आल्या. लहानपणी मिठागरात उन्हात राबलेल्या बाई, फार बोलत नाहीत. रिक्षा येईपर्यंत माझ्या हातातल्या शालीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाय, तो कानानं ऐकनारा मानूस नाय. त्याला डोल्यांनी दाखवावा लागतो." मी रिक्षात बसले आणि घणसोली येईपर्यंत मला स्वतःचीच कीव आली, कारण हे मला एका संस्कृत शब्दात माहीत होतं आणि कधी वापरलं नव्हतं. न्यायशास्त्रात कारण ओळखायची एक रीत आहे, अन्वय-व्यतिरेक. जे असलं की घडतं आणि नसलं की घडत नाही, ते कारण. मी हे शाळेत धूर आणि अग्नी घेऊन शिकवलं आहे. मेयोनीज घेऊन शिकवायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

तेव्हा आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. अक्षय्य तृतीयेला शेठनी पूजेला मलाच बोलावलं आहे, आणि मी जाणार आहे. बाहेरचं गिऱ्हाईक त्या दिवशी कुणी नाही, हे विचारून घेतलं आहे. फक्त शेठ, यशोदाबाई, सनी आणि कामगार. मी शाल घेऊन उभी राहीन. श्लोक पूर्ण म्हणीन, स्पष्ट, एकही स्वर न चुकवता, हवं तर तीनदा. आणि मग सनीला सांगेन, आधी तेल सोड. त्यांच्या डोळ्यांसमोर तो मंत्र फुटू दे, माझ्या फोटोखाली. यंत्र धुऊन झालं की मी बाजूला होईन आणि तू पुढे येऊन एक अक्षर न बोलता आधी पाणी सोड. मंत्र असून माल नाही, मंत्र नसून माल आहे. याहून स्वच्छ प्रमाण मला देता येत नाही. त्यानंतर तू वापीला गेलीस तरी तुझं नाव घेऊन जा, माझं मागे टाकून. राहिलीस तर फ्लेक्स मी स्वतः उतरवीन. तू आली नाहीस तर मी पहिला अर्धा भाग एकटीने करीन आणि तिथेच सगळ्यांना सांगेन की उरलेला करणारी करंजाड्याला राहते. फुटलेला माल काका भाकरीबरोबर खाऊ म्हणतात, त्यांचं मनावर घेऊ नकोस. पण तेही येणार आहेत, तुला पाहायला. यात तुझी परवानगी तर हवीच, पण आणखी एक गोष्ट मला कळत नाही, आणि ती विचारण्याचा अधिकार मी घालवला आहे हे जाणून विचारते. शेवटची एकदा, आणि या वेळी कुणी सांगितलं ते मी सांगेन. आधी तेल गेलं तर त्या नव्या यंत्राला काही इजा होत नाही ना? माझं काय व्हायचं ते होऊ दे.

तुझीच,
दोन शाली घडी घालून बसलेली,
सत्यभामा मावशी